फांदीवर राहिलेला चिमटा

मित्रांनो, ज्या वर्षी या घरातल्या थोरल्या मुलीचे लग्न झाले, त्या वर्षी मी या घरात आलो. लग्नाला पाहुणे फार होते. चादरी, अभ्रे आणि टॉवेल यांचा नुसता डोंगर झाला होता. घरातले चिमटे पुरेनात, म्हणून दोन डझन नवे आणले. त्यांतला मी एक. मी एक जुना, लाकडी, कपडे वाळत घालायचा चिमटा आहे. माझा एक पाय निळ्या रंगाने रंगवलेला आहे. त्या निळ्या पायाची मला लाज वाटते. का वाटते, तेच आज सांगायचे आहे.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. पांढऱ्या, हलक्या लाकडाच्या पट्ट्या करवतीखाली जात आणि बोटाएवढे तुकडे होऊन टोपलीत पडत. दोन तुकडे एकमेकांना टेकवायचे आणि वर तारेची स्प्रिंग चढवायची, की झाला चिमटा. स्प्रिंग चढवायचे काम बायका हाताने करत. माझी स्प्रिंग कशी कोण जाणे, जरा जास्तच कडक निघाली. मला जोडणाऱ्या बाईच्या अंगठ्याला मी करकचून चावलो.

"आई गं! हा मेला हट्टी निघाला," ती शेजारणीला म्हणाली.

"टाक मग बाजूला."

"टाकू कशाला? हट्टी आहे म्हणजे धरून ठेवील."

आयुष्यातले माझे पहिले कौतुक हे असे झाले. त्या कौतुकाने मी तेव्हाच थोडा फुगलो असणार.

ज्या घरात मी आलो, तिथले मालक घड्याळे दुरुस्त करायचे. सगळी गल्ली त्यांना घड्याळजी म्हणे आणि त्यांच्या पत्नीला काकू. मीही तेच म्हणतो. घर दुमजली होते. प्रत्येक खोलीत एक तरी घड्याळ टिकटिक करत असे, आणि अर्ध्या तासाला वरची-खालची सगळी मिळून ठोके देत. घराच्या मागे छोटी बाग होती. बागेच्या एका कडेला पांढऱ्या फुलांची दाट झुडपे आणि त्यांच्या अगदी जवळून गेलेली कपड्यांची तार. ती तार म्हणजे माझे कामाचे ठिकाण.

शेजारच्या घरची तारही लागूनच होती आणि चिमट्यांची रोज अदलाबदल होई. एकदा खिडकीचे गज रंगवून थोडा निळा रंग उरला, तेव्हा काकूंनी आमचा सगळ्यांचा एकेक पाय त्यात बुडवून काढला. "आता बघते कोण नेतं ते," म्हणाल्या. तेव्हापासून आम्ही निळ्या पायाचे.

एका वर्षी मोठे वादळ झाले. तारेवर गोधडीची मोठी खोळ होती. बाकीचे तेवीस चिमटे एकामागोमाग सुटले, कुणी चिखलात पडला, कुणी गटारात. खोळ माझ्या एकट्याच्या दातांवर सकाळपर्यंत लटकत राहिली. काकूंनी मला हातात घेऊन घड्याळजींना दाखवले. "बघा, हा एकदा धरलं की सोडत नाही. तुमच्यापेक्षा बरा. तुम्हाला पिशवी धरायला दिली तर तीही दुकानात विसरून येता."

"घड्याळात कधी काही विसरलोय का?" घड्याळजी म्हणाले.

ते खरे होते. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाच्या घड्याळात एक स्क्रू विसरला नव्हता. हे लक्षात ठेवा मित्रांनो, पुढे लागेल.

वर्षे गेली. माझे सोबती तुटले, हरवले, एक तर चुलीत गेला. मग काकू ओल्या फरशीवरून घसरल्या. मांडीचे हाड मोडले आणि नीट जुळले नाही. त्या वरच्या खोलीत, खिडकीपाशी पलंगावर पडून राहू लागल्या. कपडे यंत्रात वाळू लागले. मी खिळ्यांच्या डब्यात पडून गंजू लागलो. डब्यात पडून राहिलेल्याला वाटते, आपले काम संपले. मलाही वाटले.

पण एके दिवशी घड्याळजींनी मला शोधून काढले आणि काकूंच्या खोलीतल्या पडद्याला लावले. पडदा बाजूला धरून ठेवायचा, म्हणजे काकूंना बाग दिसेल. बाग म्हणजे काय, झुडपांचे शेंडे आणि आभाळ. खालचे काही पलंगावरून दिसत नसे. म्हणून थोरलीने आपला जुना कॅमेरा वडिलांना दिला. "आईला खाली नेता येत नाही, तर खालचं वर न्या," ती म्हणाली.

झाले. दुकान बंद करून घरी बसलेल्या माणसाला काम मिळाले. घड्याळजी सकाळी बागेत जुन्या चादरीला भोक पाडून तिच्या आड स्टुलावर बसत आणि पक्ष्यांचे फोटो काढत. चादर दोरीला धरून ठेवायला मीच असे. मग आम्ही दोघे वर येत असू. मी पडद्याला, कॅमेरा काकूंच्या हातात.

"याचं शेपूट कुठं गेलं?"

"उडाला तो ऐन वेळी."

"आणि हे काय आहे? कावळा की छत्री?"

"कावळाच आहे गं. जरा हललाय."

"तो कशाला हलेल? तुम्ही हललात."

अशी रोजची परीक्षा. पण हळूहळू फोटो नीट येऊ लागले. चिमणी, मैना, खंड्या, एकदा तर डोक्यावर तुरा असलेला हुप्पो. काकू तो कितीतरी वेळ बघत राहिल्या.

फोटो काढायला घड्याळजींना शिकवले ते शेजारच्या दुर्बीणमास्तरांनी. हे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. गळ्यात कायम दुर्बीण, आणि पक्षी उडू नये म्हणून हळू बोलायची इतकी सवय, की दुकानात कांदेसुद्धा कुजबुजत मागायचे. त्यांचा एक नियम होता. "घरट्याच्या पानाला हात लावायचा नाही. पान म्हणजे त्यांचं छप्पर आहे. आपल्या घराची कौलं काढून कुणी फोटो काढला तर चालेल का?"

"मी घड्याळाचं झाकणसुद्धा गिऱ्हाइकाला विचारून उघडतो, मास्तर," घड्याळजी म्हणाले होते.

थोरलीच्या लग्नाला वीस वर्षे झाली, त्या वर्षी बुलबुलच्या जोडीने आमच्या झुडपात घरटे केले. अगदी काकूंच्या खिडकीखाली, कपड्यांच्या तारेपासून हातभर अंतरावर. वरून एक दाट फांदी घरट्यावर पसरली होती. काकूंना नर-मादी जाताना-येताना दिसत. पुढे पिल्लांचा चिवचिवाट ऐकू येऊ लागला. पण दिसत काहीच नव्हते. घड्याळजींनी खालून फोटो काढले. सगळ्यांत पाने, आणि पानांमागे वाटीसारखे काहीतरी.

"पानांचे फोटो किती काढाल?" काकू म्हणाल्या. "पिल्लं किती आहेत तेवढं तरी सांगा."

"दोन असतील. तीनही असतील."

काकूंच्या हाडाचे ऑपरेशन ठरले होते. तारीख गुरुवारची. बुधवारी सकाळी घड्याळजी चहा घेऊन वर आले, तेव्हा काकू खिडकीचा गज धरून मान उंच करत होत्या.

"अगं, पडशील."

"उद्या मी जाणार. परत येईन तोवर ती उडून जातील. आणि परत आलेच नाही तर..."

"गप्प बस."

"बरं, गप्प. एकदा बघायची होती, एवढंच."

घड्याळजींनी चहा खाली ठेवला. मग त्यांनी हात वर करून मला पडद्यावरून काढले. "दहा मिनिटं," ते म्हणाले. कुणाला म्हणाले, कोण जाणे. मास्तर खोलीत नव्हते.

बागेत येऊन त्यांनी ती दाट फांदी अलगद मागे ओढली आणि मी फांदीचा शेंडा आणि कपड्यांची तार एकत्र दातांत धरली. माझीच जुनी तार. किती वर्षांनी तिला भेटत होतो! मी सगळा जोर लावला. घरटे उघडे झाले.

"तीन आहेत!" वरून, गजाला धरून वाकलेल्या काकूंचा आवाज आला. "अहो, तीन! आणि चोची केवढाल्या!"

इतका मोठा आवाज त्यांच्या घशातून वर्षभरात निघाला नव्हता. मादी चोचीत अळी घेऊन आली. तीन लाल तोंडे एकदम उघडली. घड्याळजींनी फोटो काढला. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, तो फोटो फार सुंदर आला. आणि त्या क्षणी मला वाटले, हे सगळे माझ्यामुळे झाले.

दहा मिनिटे झाली नव्हती, तेवढ्यात घरात फोन वाजला. घड्याळजी धावत गेले. रक्ततपासणीचे कागद अकराच्या आत दवाखान्यात पोचले नाहीत, तर उद्याची तारीख दुसऱ्याला जाईल, असा निरोप होता. त्यांनी वर जाऊन कागद घेतले, काकूंच्या उशाशी पाण्याचा पेला आणि चमचा ठेवला, आणि तसेच चपला घालून निघून गेले. ज्या माणसाने घड्याळात कधी स्क्रू विसरला नाही, तो मला फांदीवर विसरला.

ऊन चढले. फांदीची सावली आता घरट्यावर नव्हती. मादी येऊन पंख पसरून पिल्लांवर उभी राहिली. तिची चोच उघडी होती, ती धापा टाकत होती. घरात साडेदहाचे ठोके पडले. मग तिला खायला आणायला जावेच लागले, आणि ती गेल्यावर तारेवर एक कावळा येऊन बसला.

काकूंनी वरून पाहिले. "हुश्श! हुश्श!" त्या ओरडल्या. टाळ्या वाजवल्या. चमचा घेऊन पेल्यावर बडवू लागल्या. कावळा एकदा उडाला, चक्कर मारून परत बसला. माणूस पलंगावरून उठू शकत नाही, हे त्याला बहुतेक कळले. काकूंनी गजांतून चमचा फेकला. तो झुडपात पडला. मग त्या माझ्यावर ओरडल्या. हो, माझ्यावर.

"सोड रे! सोड मेल्या, सोड ती फांदी!"

मी सोडली नाही. मला दुसरे काही येतच नव्हते. वादळात सुटलेल्या त्या तेवीस चिमट्यांना मी हसलो होतो. त्यांच्यातला कुठलाही त्या दिवशी तिथे असता, तर ऊन आणि वारा लागून केव्हाच घसरला असता, आणि ती फांदी आपोआप जागेवर गेली असती. तिथे मी होतो. माझ्या दातांपासून हातभर अंतरावर कावळ्याने तीन खेपा केल्या. मी तिन्ही पाहिल्या. तिसऱ्या खेपेनंतर थोड्या वेळाने घरात अकराचे ठोके पडले.

घड्याळजी साडेअकराला आले. फाटकातूनच त्यांना आठवले असावे, कारण ते घरात न जाता धावत मागे आले. त्यांनी मला काढले. फांदी सपकन जागेवर गेली आणि रिकाम्या घरट्यावर छान सावली पडली. ते खाली वाकले. झुडपाच्या मुळाशी चमचा पडला होता. तो उचलून त्यांनी वर खिडकीकडे पाहिले. मग त्यांनी चमच्याला आणि मला, दोघांनाही सदऱ्याच्या खिशात टाकले.

जिना चढून ते दारात उभे राहिले. तोंड उघडले. पण काकूच आधी बोलल्या.

"उडाली बरं का पिल्लं. तिन्ही. मी पाहिली."

पाच-सहा दिवसांची पिल्ले, अंगावर धड पिसे नाहीत. ती उडत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होते.

"अरे वा," घड्याळजी म्हणाले. "लवकर उडाली."

त्यांनी चमचा धुऊन पेल्यात ठेवला. काकूंनी तो पाहिला. मला परत पडद्याला लावताना त्यांचा हात अडला, तेव्हा काकू म्हणाल्या, "तोच लावा. दुसरा कशाला शोधता?" त्या दिवसापासून मी पडद्यावरून त्यांच्याकडे बघत होतो आणि त्या माझ्याकडे. मला पडून जावेसे वाटे. पण माझी पकड काही सैल होत नव्हती.

ऑपरेशन बरे झाले. काकू दवाखान्यात असताना थोरली आली. तिने कॅमेऱ्यात तो फोटो पाहिला आणि आईला आनंद व्हावा म्हणून मोठा छापून, चौकटीत बसवून, पलंगासमोरच्या भिंतीवर लावला. तीन लाल तोंडे, अळी घेऊन आलेली आई. आणि उजव्या कोपऱ्यात एक छोटा, अंधूक, निळा ठिपका. तो माझा पाय. काकू घरी आल्या, तेव्हा लेक मोठ्या उत्साहाने म्हणाली, "आई, बघ ना!" काकू बघून "छान आहे" म्हणाल्या. घड्याळजी खोलीत आले की पाठ फिरवून खुर्चीत बसत. मला पाठ फिरवता येत नव्हती. चार महिने मी रोज माझा पाय त्या फोटोत पाहिला.

मग एकदा दुर्बीणमास्तर आले. वाचनालयात पक्ष्यांच्या फोटोंचे प्रदर्शन होते आणि त्यांना घड्याळजींचा एक फोटो हवा होता. भिंतीवरचा फोटो पाहून ते जवळ गेले. नाक टेकेल इतके जवळ.

"वा! वा! पण कोपऱ्यात हे निळं काय?"



"फूल असेल," काकू म्हणाल्या.

"वहिनी, या झुडपाला पांढरी फुलं येतात."

"यंदा एक निळं आलं होतं. मी पाहिलं ना."

मास्तरांनी वळून घड्याळजींकडे पाहिले.

"फूल नाही ते," घड्याळजी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. "तो चिमटा आहे. मी फांदी मागे बांधली होती. हिला पिल्लं बघायची होती. दहा मिनिटांसाठी म्हणून बांधली आणि काढायची विसरलो. कावळ्यानं नेली. तिन्ही नेली." मग काकूंकडे न बघता म्हणाले, "आणि हिनं ते सगळं पाहिलं. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी बोललो नाही."

काकूंनी फोटोकडे पाहिले. मग म्हणाल्या, "चार महिने वाट बघत होते मी. तुम्ही बोलाल म्हणून."

"तू म्हणालीस, उडाली म्हणून..."

"मग काय म्हणणार होते? दारात कसे उभे होतात, बघितलंत का स्वतःला? आणि माझ्याच हट्टापायी झालं ना ते."

मास्तरांनी गळ्यातली दुर्बीण काढून मांडीवर ठेवली. मी त्यांना दुर्बिणीशिवाय प्रथमच पाहत होतो. "तीस वर्षं पोरांना ओरडलो," ते म्हणाले, "पण आत्ता काय बोलावं, कळत नाही. हा फोटो नको न्यायला."

"न्या," काकू म्हणाल्या. "पण खाली लिहा काय झालं ते. नुसतं वा-वा ऐकायला नको."

घड्याळजींनीच लिहिले, घड्याळाच्या चिठ्ठीवर लिहायचे तसल्या बारीक अक्षरात: 'हा फोटो काढण्यासाठी घरट्यावरची फांदी चिमट्याने मागे बांधली. चिमटा काढायचा मी विसरलो. त्याच सकाळी तिन्ही पिल्ले मेली.' खाली मला धाग्याने बांधले. लोक फोटो पाहून हसतमुखाने जवळ येत, खालचे वाचत, आणि त्यांचा चेहरा उतरे. एक लहान मुलगी मात्र माझ्याकडे, मग फोटोकडे, मग परत माझ्याकडे बघत म्हणाली, "हाच का तो?" तिच्या आईने तिला ओढून नेले. हाच तो, बाळ.

प्रदर्शनानंतर घड्याळजींनी मला पडद्याला लावले नाही. कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर लावले. कॅमेरा डोळ्याला लावला, की माझा निळा पाय त्यांच्या गालाला टोचतो. तो टोचावा म्हणूनच लावला आहे.

पुढच्या वर्षी बुलबुल परत आले. तेच होते की दुसरे, कोण जाणे. घरटे त्याच झुडपात, पण खूप आत. काकू आता काठी घेऊन खिडकीपाशी उभ्या राहू शकत होत्या. दोघे रोज सकाळी नुसते ऐकत. घड्याळजींनी लांबून पंधरा-वीस फोटो काढले आणि वर नेले.

"पानं," काकू म्हणाल्या.

"हो, पानं."

"हे छान आलंय. हलला नाहीत."

मग एका सकाळी झुडपातून आवाज आला नाही. घड्याळजींनी लांबूनच चादरीच्या भोकातून पाहिले. नर-मादी शेजारच्या झाडावर चोचीत काहीतरी घेऊन कुणाला तरी बोलावत होती. घड्याळजी वर आले.

"उडाली वाटतं."

"मला नाही दिसली," काकू म्हणाल्या.

"मलाही नाही."

आणि मित्रांनो, मग ती दोघे अशी हसली, की काकूंना ठसका लागला आणि घड्याळजी पाणी आणायला धावले.

तुमच्या बागेत घरटे झाले, तर लांबून बघा. नाही दिसले तर ऐका. पान मध्ये येत असेल तर पानाचाच फोटो काढा. ते पान तुमच्या आड येत नसते, ते कुणाच्या तरी डोक्यावर असते. आणि ज्याच्यामुळे काही बिघडले, त्याने ते लवकर सांगून टाकावे. चार महिने फार होतात. हे मी शहाणा आहे म्हणून सांगत नाही. माझ्याकडून सोडवले गेले नाही, म्हणून सांगतो.

घड्याळजी अजून आहेत. काकू, बुलबुल परत आले त्याच वर्षी, थंडीच्या पहिल्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी गेल्या. थोरलीच्या लग्नाला तेव्हा एकवीस वर्षे झाली होती. तीन पिल्ले त्याच्या आदल्या वर्षी, बुधवारी, साडेदहानंतर आणि अकराच्या आत गेली.